सतरा खिळे

आसोळण्याला, इगर्जीमागच्या खोलीत,
पाद्री लिबोरियोंच्या क्रुसाखाली
एक फळी होती. तिला सतरा खिळे,
सतरा चाव्या.
टपाल मीच वाटायचो. पाकिटातून चावी आली
की हाताला आधी कळायचं :
पत्राला वजन नसतं, घराला असतं.

कोणी स्विंडनला गेलं, कोणी लिस्बनला,
कोणी बोटीवर, बायकापोरांना मागाहून बोलावून घेत.
जाताना सगळ्यांचं एकच,
पाद्रीबाब, जरा लक्ष असूं दे.
त्या ‘जरा’त
त्यांचे सगळे गुरुवार गेले.

सकाळचा मिस्सा आटोपला की
पांढरा झगा गुडघ्यापर्यंत खोचून
झाडू, खोबरेलाची बाटली
आणि वाळवीच्या औषधाचा डबा घेऊन निघत.
लोक म्हणत, विगार झालाय की मुकादम?

मीही विचारलं एकदा.
शिंपल्यांच्या खिडकीचा अडसर
अर्धा काढून ते थांबले.
“मला दीक्षा दिली तेव्हा बिशपनं
तळहातांना तेल लावलं, हात फडक्यानं बांधले.
ते फडकं आईनं जपलं. तिच्या पेटीत तिच्याबरोबर गेलं.
सत्तावीस वर्षांचा होतो, सगुण.
वाटलं होतं, या हातांनी आता मेलेले उठतील.
वाळवीबद्दल सेमिनारीत
कोणीच बोललं नाही.”

प्रत्येक घरात एक ‘नमान मोरिये’, मोठ्यानं.
ऐकायला भिंतीवरचे मेलेले आजे
आणि उंबऱ्याबाहेर मी,
शांतादुर्गेचा माणूस, पिशवीतली पत्रं वाळत.
घराला आवाजाची सवय राहायला हवी, म्हणत,
नाहीतर ते आढ्यापासून मरत येतं.

सोळा घरांच्या बिजागऱ्यांना तेल.
एर्मेलिंदा कुतिन्योच्या दाराला नाही.
तिनं जाताना बजावलं होतं :
कुरकुरू द्या. नवरा बोटीवरून यायचा
अपरात्री, न कळवता.
ते कुरकुरणं म्हणजे तो.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात
रात्री अकराला माझी कडी वाजली.
“विजेरी आहे?”
एका हातात चावी, दुसऱ्यात फोन,
फोनमध्ये तिचा मुलगा, इस्पितळातून.
वाटेत एवढंच बोलले,
“तिथल्या पाद्र्यानं तेल लावलंय तिला.
तिला दुसरंच काही हवंय.”

मी उजेड धरला.
त्यांनी फोन बिजागरीला टेकवला,
हळू, फार हळू, दार उघडलं.
मिटलं.
पुन्हा उघडलं.
पलीकडे कुठल्यातरी यंत्राची टिकटिक
आणि मुलगा, नाक ओढणारा.
तिसऱ्यांदा दार उघडलं ते तसंच ठेवलं,
जणू कोणी आत आलंय
आणि पायांतले बूट काढतंय.

मग बल्कांवावर बसले. डास चावत होते.
“बावीस वर्षं प्रवचनं दिली मी,
इतकं कान देऊन
कोणी ऐकलं नव्हतं.”
हे बोलून त्यांनी झगा झटकला
आणि विचारलं, माझ्या मुलीचा ताप उतरला का.

बदलीचा हुकूम मीच नेला.
वजनावरून तो ओळखता आला नाही.
एक ट्रंक, बुटांचा एक जोड,
काणकोणच्या बाजूला कुठंतरी, डोंगरात.
फळी जागच्या जागी राहिली.

नवे फादर जोव्हिटो तरुण, नीटनेटके.
प्रत्येक चावीला चिठ्ठी बांधली,
सुबक अक्षर, निळी शाई.
दमट हवेनं दोन महिन्यांत
सगळी घरं एकाच निळ्या डागाची झाली.

काल आले. मी निवृत्त, अंगणात सुपाऱ्या वाळवत होतो.
सतरा चाव्या भाजीच्या पिशवीत,
वर तेलाची बाटली.
“एका दाराला घालू नका असं लिहून गेलेत,”
कपाळ पुसत म्हणाले,
“कुठल्या, ते नाही.”

ते दार मी तोंडी सांगू शकलो असतो.
चपला शोधल्या.
म्हटलं, चला, फादर,
ऐकावं लागेल.